शेजारच्या झाडाला कुंकू

माझ्या मामीला मूल नव्हतं. काविळीचं औषध होतं. गावातली माणसं तिच्याबद्दल सांगताना पहिली गोष्ट हळू आवाजात सांगत आणि दुसरी मोठ्या. गाव पारोळ्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. रविवारी सकाळी मामाच्या ओट्यापुढे पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसत. कुणी अमळनेरहून, कुणी एरंडोलहून, धुळ्याहून तर नेहमीच. उपाशीपोटी यायचं, येताना एक नारळ आणायचा, पैसे द्यायचे नाहीत. मामी आतून ताकात कालवलेला हिरवा रस आणायची आणि एकेकाला आपल्या हातानं पाजायची. मग पथ्य सांगायची: ताक-भात खा, तेल नको, तिखट तर अजिबात नको. खानदेशातल्या माणसाला तिखट सोड म्हणणं ही साधी गोष्ट नाही. काही जण औषध मुकाट्यानं प्यायचे आणि पथ्य ऐकून तोंड पाडायचे.

हे औषध तिला सासूनं दिलं होतं, मरणाच्या आधी. "तुझ्या पोटी काही नाही, हातात तरी असू दे," असं सासू म्हणाली होती. मामी हे वाक्य तक्रार म्हणून सांगायची नाही. एखादी बाई सासूनं घातलेल्या पाटल्यांबद्दल सांगते, तशी सांगायची.

मी जळगावच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करत. मामाच्या गावी माझ्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला की पोरी पोट धरून हसत, आणि मी शुद्ध मराठी बोलले की आणखी हसत. दोन्हीकडे गप्प राहायला मी लवकर शिकले. आईला याची लाज वाटे. मामीला मात्र मी त्यामुळेच आवडत असे, कारण औषध आणायला जाताना एक शब्दही बोलायचा नसतो.

"हाई बोलत नही, हाईच बरी शे," असं म्हणून ती उन्हाळ्याच्या सुट्टीत मला बरोबर न्यायची.

आदल्या दिवशी, शनिवारी, दिवस मावळताना औषधाला आवतण द्यायचं. नाल्याच्या काठाला एका शेताचं कुंपण होतं, मोगली एरंडाचं. खानदेशात पुष्कळ शेतांना असतं तसंच. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावतात. मामी ठरलेल्या एका मोगली एरंडाच्या बुंध्याला हळद-कुंकू लावायची, तांदळाचे चार दाणे टाकायची आणि हात जोडून पुटपुटायची, "सकायमा येस. तुनी धाकलीले धाडजो." सकाळी येते, तुझ्या धाकटीला पाठव. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही पुन्हा तिथे जात असू. पण मामी मोगली एरंडाला हात लावायची नाही. ती खाली बसायची आणि त्याच्या सावलीत जमिनीला चिकटून पसरलेलं एक बारीक पानांचं झुडूप तोडायची. तेच औषध.

घरी आल्यावर, म्हणजे बोलायची मुभा मिळाल्यावर, मी तिला विचारलं की मग कुंकू त्या मोठ्या झाडाला का.

"पोर मांगानी तं पोरले इचारतस का?" ती म्हणाली. "तिना थोरलाले इचारतस."

मुलगी मागायची तर मुलीला विचारत नाहीत, तिच्या वडीलधाऱ्याला विचारतात. तसंच झाडाचं. ज्याला न्यायचं, त्याला कुंकू लावायचं नाही. त्याला ते कळताही कामा नये.

"आणि त्या छोट्याचं नाव काय?"

मामी हसली. "नाव? माले काय ठावं! सासूनी हात धरीसन दखाडं."

नाव काढलं की गुण जातो, असा नियम होता. तो सासूला तिच्या सासूकडून आला होता आणि तिला तिच्या सासूकडून. इतक्या बायकांनी तो इतका नीट पाळला की त्या झाडाचं नावच मरून गेलं होतं. मामी काही लपवत नव्हती. लपवायला तिच्याजवळ नाव नव्हतं.

माझी आई मामाची थोरली बहीण. आई सुट्टीत माहेरी आली की घराला शिस्त लागे. ती चुलीसमोर पाटावर बसायची आणि मामी कळण्याच्या भाकरी थापत असताना बोलायची.

"वहिनी, तुमच्या हाताला एवढा गुण आहे म्हणतात. घरातच कसा येत नाही हो?"

"ताई, गुण लोकेसले लागस," मामी भाकरी उलटताना म्हणायची, "घरनाले नही."

आईला हे उत्तर आवडायचं नाही, कारण पुढे बोलायला जागा उरायची नाही. मग ती मामाकडे वळायची. मामानं दुसरं लग्न करावं, हे ती कित्येक वर्षं सांगत होती. कायद्यानं ते चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण पहिलीनंच आपल्या हातानं दुसरीला हळद लावली तर तक्रार करायला उरतं कोण, हेही तिला ठाऊक होतं. मामा ऐकून घ्यायचा, नाही म्हणायचा नाही, हो म्हणायचा नाही. बायकोवर माया होती म्हणून नव्हे. त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. आसपासच्या सगळ्या गावांतून माणसं त्याच्या ओट्यावर येऊन गेली होती, पण ती यायची औषधवाल्या अक्काच्या घरी. मामीला दुखवलं आणि तिनं हात आखडता घेतला तर ओटा ओस पडणार. धुळ्याच्या बाजारात एकदा कुणीतरी त्याची ओळख "हे अक्कांचे मालक" अशी करून दिली होती. ते तो विसरला नव्हता. पुढारी व्हायचं ठरल्यापासून तो घरातही पेपरातलं मराठी बोलायचा. त्या मराठीत तो आईला म्हणाला, "ताई, परिस्थिती अनुकूल नाही."

आई म्हणाली, "औषध घराचं आहे. तिचं कुठून आलं? आपल्या आईनं दिलंय. काढून घे आणि मोकळा हो."

मामीला हे सगळं ऐकू जात असे. भिंतीपलीकडेच चूल होती. त्या घरात तिला ठेवणारी एकच गोष्ट आहे आणि ती काढून घ्यायचं चाललं आहे, हे तिला माझ्याइतकंच स्वच्छ दिसत होतं.

मी अकरावीला होते त्या वर्षी धुळ्याच्या एका कॉलेजात परिसंवाद भरणार होता. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मामाच्या घरी आले. भला माणूस. चपला ओट्याखाली काढल्या, मामीला नमस्कार केला, तिच्यासमोर जमिनीवर बसले. राष्ट्राच्या विकासात देशी ज्ञानाचा वाटा, असा विषय असल्याचं त्यांनी सांगितलं. आपल्या लोकांजवळ जे आहे ते परदेशी कंपन्यांच्या हातात जाण्याआधी आपण गोळा केलं पाहिजे, म्हणाले. "हे ज्ञान तुमच्याबरोबर संपायला नको, अक्का."

ते गेल्यावर मामीनं मला विचारलं, "संपाले नको म्हने. मी काय मरी ऱ्हायनी का?"

प्राध्यापकांनी झाडाचं नाव विचारलं होतं. तिनं मान हलवली. त्यांना वाटलं, संकोच आहे. त्यांनी पुन्हा मऊपणे विचारलं. मामाला वाटलं, हट्ट आहे. त्यानं प्राध्यापक गेल्यावर विचारलं. भर दुपार होती. त्यानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मोरीतलं धोपाटणं आत होतं, ते मला आवाजावरून कळलं.

"माय काय म्हणायची त्याला?"

"काहीच म्हने नही."

"काहीच कसं नाही? सांग!"

"ठावं नही."

मी आईला म्हटलं, मामीला खरंच नाव माहीत नाही, मला तिनं सांगितलंय. आई तांदूळ निवडत होती. "बायकांना अशी नाटकं येतात," ती म्हणाली. "तू वाच तुझं पुस्तक." थोड्या वेळानं दार उघडलं. मामी बाहेर आली, डाव्या हातानं चहाचं आधण ठेवलं, कारण उजवा उचलत नव्हता, आणि आईला विचारलं, "ताई, साखर कमी ना?"

नाव मिळेना तेव्हा मामानं डोकं चालवलं. त्या शनिवारी मामीचा हात सुजलेला होता, तरी आम्ही संध्याकाळी आवतण द्यायला गेलो. मामा लांबून मागे आला होता. आम्ही परतल्यावर तो कुंपणापाशी गेला आणि त्याला ताजं कुंकू दिसलं. तेवढं त्याला पुरलं. पहाटे उठून पुढचं बघायची गरज त्याला वाटली नाही. ज्या मुलीच्या कपाळाला कुंकू लागतं तीच घरात येते, एवढा व्यवहार त्याला कळत होता, आणि त्या दिवसांत त्याच्या डोक्यात दुसरा व्यवहार नव्हता.

परिसंवादाला आम्ही सगळे गेलो. मांडव, सतरंज्या, मागे मोठा कापडी फलक. माझ्या शेजारी मामी नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. तिला मंचावर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. तिच्या ओट्यावर आयुष्यभर लोकांनी नारळ आणले होते. तिनं तो सवयीनं बाजूला ठेवून दिला. सूत्रसंचालक म्हणाले, अक्कांनी दोन शब्द बोलावेत. तिच्या तोंडापुढे माईक धरला. ती "रामराम" म्हणाली आणि खाली बसली. लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या.

मग मामानं माईक घेतला. तो बराच वेळ बोलला. आपल्या आईबद्दल बोलला, पूर्वजांबद्दल बोलला, देशाबद्दल बोलला. बायकोबद्दल बोलला नाही. शेवटी पिशवीतून एक फांदी काढून त्यानं वर धरली.

"पिढ्यान्‌पिढ्यांचं हे गुपित आज मी राष्ट्राला अर्पण करतो. मोगली एरंड!"

मग मागून आवाज आला, "अहो भाऊ, हे तं आमच्या संडासामागे उगलेलं शे!" सगळे हसले आणि हसताहसता टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी विचारलं, याच्या बिया खाऊन पोरं ओकतात ना? मामा म्हणाला, "बी नाही, पाला. पाल्याचा रस." प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बियांत विष असतं, कुणी परस्पर घेऊ नये, आधी संशोधन व्हायला हवं, असं ते उठून म्हणाले, पण जेवणाची वेळ झाली होती आणि लोक उठायला लागले होते.

मी मामीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली, मामा पुढच्या बाकावर शेजाऱ्यांना भाषण पुन्हा ऐकवत होता. ती माझ्या कानाशी आली.

"आंडेर मांगाले गया," ती म्हणाली, "नि सासूले लई उना!"

मुलगी मागायला गेला आणि सासूलाच घेऊन आला. पारोळा येईपर्यंत तिला हसू आवरत नव्हतं.

तिचं चुकलं ते इथे. तिला वाटलं, आता लोक मोगली एरंड पितील, ओकतील, कुणाला गुण येणार नाही आणि सगळे तिच्याकडे परत येतील. लोक प्यायले आणि ओकले. पण ओकले तेव्हा म्हणाले, कावीळ बाहेर पडतेय. आणि पुष्कळ जण बरे झाले. पुढे जळगावच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं की कावीळ झालेली बरीचशी माणसं विश्रांतीनं आणि स्वच्छ पाण्यानं आपली आपणच बरी होतात, मध्ये काहीही प्यायलं तरी. याचा अर्थ मामीच्या त्या बारीक झुडपाबद्दलही काय होतो, हे मी त्यांना विचारलं नाही. तिला कधी सांगितलंही नाही. ज्या औषधानं तिला त्या घरात ठेवलं होतं, त्याला गुण होताच. काविळीवर होता की नव्हता, हा प्रश्न प्राध्यापकांचा.

गुण आता मोगली एरंडाला आला, म्हणजे मामाला आला. लोकांना घरच्या कुंपणावरचा पाला तोडून पिता आला असता, पण फुकटात मिळणाऱ्या वस्तूवर कुणाचा विश्वास बसत नाही. ते मामाच्या ओट्यावर येऊन बसू लागले. मामानं त्यात भर घातली. एक मंत्र पुटपुटायचा, स्टीलच्या ग्लासातून द्यायचा. दारावर पाटी लावली: भाऊंचं काविळीचं औषध. परिसंवादाचं पुस्तक छापून आलं त्यात पारोळा तालुक्याच्या पानावर मोगली एरंड होता, खाली मामाचं नाव होतं. मामी आत ताक घुसळून द्यायची. शनिवारी संध्याकाळी ती कुठेच जात नसे.

आईनं बोदवडकडचं स्थळ आणलं. कोरडवाहू शेतीवाला माणूस, त्याला दोन मुली, थोरली बघितली. देवळात लग्न लागलं. हळद मामीनं लावली. आई शेजारी उभी राहून म्हणत होती, "नीट लावा वहिनी, कानामागे राहिलंय."

नवीला सगळे नवीच म्हणत. ती माझ्यापेक्षा जेमतेम मोठी होती. ती पहिल्यांदा मला भेटली तेव्हा तिनं इंग्रजीत आपलं नाव कसं लिहितात ते विचारलं. मी मातीत बोटानं लिहून दाखवलं. तिनं ते गिरवलं आणि कुणी बघण्याआधी पुसून टाकलं. सुरुवातीला ती मामीला घाबरायची, तिच्या आधी जेवायची नाही. मग जेवायला लागली. दिवस गेल्यावर तर मामाच्या ताटानंतर तिचंच ताट वाढलं जायचं. ते मामी वाढायची. आई आली की म्हणायची, "वहिनी, नवीला तूप घाला. तुम्हाला काय करायचंय तूप?"

दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा नवीचे डोळे पिवळे होते.

पावसाळ्यानंतर गावात पुष्कळांना कावीळ झाली होती. नवीला जेवण जात नव्हतं, तिला उभं राहवत नव्हतं, पोट वर आलेलं आणि हातपाय काड्यांसारखे. मामा तिला आपलंच औषध देत होता. ती ओकत होती. भाऊंनी आपल्या बायकोला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं असं लोकांना कळलं तर रविवारी ओट्यावर कोण बसणार, हे मामानं आईला माझ्यासमोरच बोलून दाखवलं.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे न्यायला हवं. आजच."

त्या घरात मी न विचारता बोललेलं हे पहिलंच वाक्य असेल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बोलली इंग्लिश शाळा," आई म्हणाली.

दुपारी नवी भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. मामी मेथी निवडत होती, मी तिच्यासमोर बसले होते. नवी उंबऱ्यातच बसली.

"अक्का, तुम्ही द्या. तुमचं वेगळं होतं म्हणतात म्हाताऱ्या."

मामीनं एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "गुण गया, माय. माईकवर गया."

"अक्का, माझ्या पोटात आहे."

"दखाई ऱ्हायनं माले," मामी म्हणाली. दिसतंय मला.

नवी थोडा वेळ तिथेच बसून राहिली. मामीनं तिला उठायला सांगितलं नाही आणि मेथी निवडायचीही थांबवली नाही. शेवटी मीच नवीला हाताला धरून नेलं. तिचा हात तापलेला नव्हता, गार होता.

त्यानंतर मामा आला. तो दारातच उभा राहिला. त्याचं पेपरातलं मराठी त्या दिवशी गेलं होतं.

"खरं झाड कोणतं शे?"

"तुम्हीच नाव काढं ना?" मामी म्हणाली. "मोगली एरंड. बठ्ठासनी टाळ्या वाजाड्यात."

मामानं हात उगारला. तो हात तसाच वर राहिला, आणि मग त्यानं तो चौकटीवर टेकवला. मामी त्याच्याकडे बघत होती. मारा म्हणून नव्हे. पुढे काय करतो ते बघत होती. मग तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत आहे. तू जायचीस हिच्याबरोबर."

मी म्हटलं, "जीप बोलवा."

जीप दुसऱ्या दिवशी आली. तो शनिवार होता. नवीला मागच्या बाकावर आडवं घातलं, तिचं डोकं माझ्या आईच्या मांडीवर होतं. मामी ओट्यावरून बघत होती. संध्याकाळ झाली, दिवे लागले; हळद-कुंकवाचा करंडा फळीवर होता तिथेच राहिला.

नवी धुळ्याच्या दवाखान्यात वारली, पोटातल्यासकट. तिथल्या डॉक्टरांनी मामाला सांगितलं की गर्भारपणात ही कावीळ फार वाईट, बाहेरून कुणी काही दिलं असतं-नसतं तरी कदाचित हेच झालं असतं. फक्त आधी आणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, घरी काय दिलंत? मामा म्हणाला, काही नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते गावात कुणालाच कळलं नाही. भाऊंच्या औषधानं भाऊंची बायको खाल्ली, एवढंच कळलं. हे वाक्य मी एसटी स्टँडवर ऐकलं, पिठाच्या गिरणीत ऐकलं. "राष्ट्राले दिधं, नि घरमाच लागनं," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. पाटी उतरली. पंचायत समितीचं तिकीट दुसऱ्या कुणाला मिळालं. आणि म्हाताऱ्या बायका, ज्यांनी मामीच्या हातचं पूर्वी घेतलं होतं, त्या सांगू लागल्या की खरं औषध अक्काजवळच आहे, भाऊला तिनं दाखवलंच नव्हतं. एका रविवारी एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली आणि मामाकडे न बघता सरळ आत गेली. मामीनं तिला पुढच्या रविवारी यायला सांगितलं. नवी गेली त्यानंतर थोड्याच दिवसांची ही गोष्ट.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ओटा पूर्वीसारखा भरला होता. शनिवारी मामीनं मला बरोबर चल म्हटलं. मी गेले. तिनं मोगली एरंडाला कुंकू लावलं, तेच शब्द पुटपुटली, आणि परत येताना आम्ही बोललो नाही.

आईही आली होती, पण औषधाच्या रविवारसाठी नाही. नवीच्या वडिलांना तिनं निरोप पाठवला होता की धाकटीला द्या, एकदा जोडलेलं घर तुटू नये. त्यांच्या घरची परिस्थिती बघता हुंडा-मानपान काही नको. त्या माणसानं नकार दिला नव्हता. एका मुलीच्या मागे दुसरी त्याच घरात देणं आमच्याकडे वाईट समजत नाहीत, उलट सोय समजतात. मामीला हे कळलेलं होतं. आईनं ते तिच्यापासून लपवलंही नव्हतं. "तुमच्याच जिवाला आधार होईल, वहिनी," ती म्हणाली होती.

रविवारी नवीचे वडील आले. ते बोलणी करायला आले असं वाटून आई पुढे गेली आणि थांबली. त्यांच्याबरोबर धाकटी होती, पिवळी पडलेली, बापाच्या दंडाला धरून चालत होती. तिला दवाखान्यात नेऊन आणलं होतं, पण गावच्या लोकांनी सांगितलं म्हणून इथेही आणलं. त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला आणि इतरांसारखे रांगेत बसले. मामा आत होता. तो बाहेर आला, त्यांना बघितलं आणि खांबाशी उभा राहिला.

मामी एकेकाला पाजत त्यांच्यापर्यंत आली. मुलीनं तोंड वर केलं. मामीनं ग्लास तिच्या तोंडाजवळ नेला नाही.

"हाई कोणले देवानी शे?" तिनं बापाला विचारलं.

त्याला समजलं नाही. "काय, अक्का?"

"हाई पोर. कोणले देवानी शे?"

त्यानं आईकडे पाहिलं, मग मामाकडे. रांगेतली माणसं बघत होती. "अजून काही पक्कं नाही," तो म्हणाला.

"मंग पहिले सांग. हाई पोर ह्या घरमा देवाव नही, आशे सांग."

"वहिनी!" आई पुढे आली. "हे काय चालवलंय? आजारी पोर आहे ती!"

"ताई, औषध देवानं काम चालू शे," मामी तिच्याकडे न बघता म्हणाली. "मधमा बोलानं नही. गुण जास."

आई गप्प झाली. आईला मी असं गप्प झालेलं आधी पाहिलं नव्हतं. मामा खांबाशी होता. मुलगी ग्लासकडे बघत होती. तिला बहुतेक एवढंच कळत होतं की तो आपल्याला मिळत नाहीये. बाप उठून उभा राहिला, मग खाली वाकला आणि मामीच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

"नाही देत, अक्का."

"मोठ्यानी."

"नाही देत. या घरात नाही देत."

तिनं ग्लास मुलीच्या ओठांना लावला. रस कडू असावा. मुलीनं डोळे घट्ट मिटले आणि सावकाश घोट घ्यायला लागली. बाप पायाशीच होता आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता, नाही देत अक्का, नाही देत, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत मामीनं त्याला थांब म्हटलं नाही.